वरचा उजवा कोपरा

चाळीस हजार फोटोंची सरासरी काढली आणि वरचा उजवा कोपरा काळा आला. पडद्याला काहीतरी लागलं असेल म्हणून त्याने अंगठ्याने तो कोपरा पुसला. काळं गेलं नाही. मग त्याने खुर्ची मागे सरकवली, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि हे सगळं आपण मुद्दाम हळू करतोय हे त्याच्या लक्षात आलं. गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. सोमवारी कारखान्यात सगळ्यांसमोर चाचणी होती. आठ महिन्यांचं काम त्या दिवशी एका सरकत्या पट्ट्याशेजारी मांडायचं होतं, आणि आता काही काळं दिसायची ही वेळ नव्हती.

पडद्यावर होता तो एक नकाशा. इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी, बोटभर उंचीची, तिचा फोटो काढायचा आणि सांगायचं की ही चांगली की वाईट, एवढंच त्याच्या मॉडेलचं काम. मॉडेल फोटोचे चौदा गुणिले चौदा असे चौकोनी तुकडे करायचं. एकशे शहाण्णव तुकडे, आणि प्रत्येक तुकडा बाकीच्या प्रत्येक तुकड्याकडे लक्ष द्यायचा. ही बघाबघीच महाग पडायची. मोठ्या यंत्रांवर ती परवडते, पण कारखान्यात पट्ट्याशेजारी बसणार होती ती पेटी डबाभर आकाराची, आत पंखासुद्धा नसलेली, आणि कुपी पुढे सरकायच्या आत तिने उत्तर द्यायला हवं होतं. त्यासाठी होते साठ मिलिसेकंद. सुरुवातीला दोनशे दहा लागत होते. त्याची युक्ती तशी साधी होती. मॉडेलच्या हिशोबाच्या तिसऱ्या थरानंतर ज्या तुकड्यांत बघण्यासारखं काही नाही ते टाकून द्यायचे, आणि कुठले टाकायचे ते मॉडेलने उदाहरणं बघून स्वतः शिकायचं. एकशे शहाण्णवातले सत्तर उरायचे. मॉडेल कुठले तुकडे ठेवतं आणि कुठले टाकतं, हे चाळीस हजार फोटोंवर मोजून त्याने आज पहिल्यांदा एकत्र मांडलं होतं. ठेवलेली जागा उजळ, टाकलेली काळी. कुपीचा गळा उजळ होता, तळ उजळ होता, डावा खांदा लख्ख होता. उजवा खांदा नव्हता. काचेला तडा जातो तो बहुतेक खांद्यालाच जातो, डाव्याला जातो तसा उजव्यालाही.

"अठ्ठावन्न पूर्णांक दोन," शेजारच्या टेबलावरून स्टॉपवॉच म्हणाली. पेटीची जबाबदारी तिच्याकडे होती. ती दिवसभर एकच गोष्ट मोजायची, म्हणून ऑफिसने तिला हे नाव दिलं होतं आणि तिनेही ते मुकाट्याने घेतलं होतं. "तीनदा मोजलं. सोमवारी यापेक्षा जास्त आलं तर माझे कान धर."

"हे बघ जरा."

ती खुर्चीसकट सरकत आली आणि बघत राहिली. "दिवा उजवीकडून येतो ना कॅमेऱ्याला? चकाकी असेल. चकाकीत काही दिसत नाही म्हणून टाकत असेल तुकडे."

"असेल."

"मग तोंड का असं?"

"कसं?"

"कोणीतरी गेल्यासारखं," ती म्हणाली आणि खुर्चीसकट परत गेली.

चकाकी असेल हे त्याने धरून ठेवलं, बुडत्याने काडी धरावी तसं. फोटो उघडले. चकाकी होती, पण दोऱ्याएवढी, आणि ती खांद्यावर नव्हतीच, खाली पोटावर होती. मग त्याने जुनी, बिनडोक पद्धत काढली. फक्त त्या कोपऱ्यात कुठे बारीक रेघ आहे का ते शोधायचं. साडेसहाशे फोटो निघाले. बहुतेक धुळीचे, थेंबांचे. ते तो एकेक करून डोळ्यांनी बघत बसला. एक वाजता सगळे जेवायला उठले, तो उठला नाही. एकतीस फोटोंत तडा होता. केसाएवढा, पण होता. एकदा दिसला की नाही म्हणता येणार नाही असा. आणि त्या प्रत्येक फोटोपुढे, माणसाने बघून दिलेल्या निकालाच्या रकान्यात, लिहिलं होतं: चांगली. चांगली. चांगली. शेवटच्या रकान्यात निकाल देणाऱ्याचा नंबर असायचा. तो रकाना त्याने इतका वेळ बोटाने झाकल्यासारखा टाळला होता. कारखान्यातल्या तिघीजणी फोटोंना निकाल द्यायच्या. तीन नंबर, सात नंबर, अकरा नंबर. एकतीसच्या एकतीस ओळींत सात होता.

सात नंबर म्हणजे ताई.

ती एकोणीस वर्षांची होती तेव्हा त्या कारखान्याच्या तपासणी टेबलावर बसली. तो दहाचा. आई त्याच्या आधीच्या वर्षी गेली होती आणि बाबा घरी असूनही घरात नसायचे, त्यामुळे शाळेच्या वहीवर सही करायची ती ताईने, तापात कपाळावर हात ठेवायचा तो ताईने. संध्याकाळी ती यायची तेव्हा तिच्या डोळ्यांखाली दोन खोल रेघा असायच्या, आणि घरात पाऊल टाकल्यावरही तिचं काम सुटायचं नाही. पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी ती तो दिव्यासमोर धरायची. तो हसायचा. एकदा तिने त्याला दिव्याखाली उभं केलं आणि चार पेले एका रांगेत धरून विचारलं, यातला कुठला फुटका आहे सांग. तो पहिला पेला बघायला लागला, मग दुसरा. "असं नाही," ती म्हणाली. "शोधायला गेलास की दिसत नाही. नजर मधे ठेव. हलवू नकोस. जे वाईट आहे ते आपणहून येतं." त्याने नजर मधे ठेवली. बराच वेळ काही आलं नाही, आणि मग अचानक, कडेच्या पेल्यावर, न बघताच एक रेघ टोचली. तो आनंद त्याला अजून आठवत होता. पुढे शिक्षण, परदेशी पेपर, समीकरणं हे सगळं आलं, पण निरुपयोगी तुकडे टाकून द्यायची कल्पना त्याला पहिल्यांदा सुचली तेव्हा कानात तिचाच आवाज होता. कारखान्याचं काम आलं तेव्हा ऑफिसचे सर त्याला म्हणाले होते, तुमच्या ताई तिथे आहेत ना, मग प्रश्नच मिटला, त्यांचा निकाल म्हणजे शेवटचा शब्द. तिघींत मत जुळलं नाही तर सात नंबरचं धरायचं, असं मग ठरूनच गेलं. ती इतरांपेक्षा दुप्पट वेगाने फोटो बघायची. पहिली पाळी टेबलावर करायची आणि नंतर दोन तास पडद्यासमोर. मॉडेल जे शिकलं त्यातलं जवळजवळ सगळं तिच्या हातचं होतं, आणि मॉडेल बरोबर आहे की नाही हे ज्या फोटोंवर जोखलं तेही तिच्याच हातचे. शिकवणारी तीच, पेपर तपासणारीही तीच. नव्व्याण्णव पूर्णांक एक टक्का बरोबर येणार नाही तर काय.

त्याने तारखा लावून पाहिल्या. पहिल्या दोन महिन्यांत त्या कोपऱ्यातले चार तडे तिने पकडले होते. तिसऱ्या महिन्यात एक सुटला. पाचव्यापासून एकही पकडलेला नव्हता. ती दमली असेल, असं मनाशी म्हणून बघितलं. पण दमलेलं माणूस कुठेही चुकतं, एकाच कोपऱ्यात चुकत नाही.  समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघताना त्याला वाटलं की आपण काटे बघतोय पण किती वाजले ते कळत नाहीये.

एक उपाय होता, आणि तो त्याला तेव्हाच सुचला, लाज वाटावी इतक्या चटकन. शिकवताना अर्धे फोटो आरशात बघावे तसे उलटे करून द्यायचे. उजवा खांदा डावा होतो. डाव्याला तडा असला की वाईट, हे मॉडेलला ठाऊकच होतं, मग उजव्याचंही कळेल. सुरुवातीला हे तो करणारच होता, पण दिव्याची चकाकी उलटी झाली की मॉडेल गोंधळायचं, म्हणून सोडून दिलं होतं. आता त्याने ते केलं. दुपारभर यंत्र चाललं. चार वाजता नकाशा पुन्हा काढला तेव्हा उजवा खांदा उजळला होता, आणि एकतीसपैकी सव्वीस तडे मॉडेलने पकडले. टक्केवारी मात्र घसरली, अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ. साहजिक होतं. ताईने ज्यांना चांगलं म्हटलं त्यांना मॉडेल वाईट म्हणायला लागलं, आणि उत्तरपत्रिका ताईची होती. खरं बघितलं म्हणून मार्क कापले गेले. त्याला हसू यायला हवं होतं.

तेवढ्यात सर येऊन मागे उभे राहिले. "हे काय, खाली कसं आलं? करारात नव्व्याण्णव आहे."

"एक प्रयोग करत होतो, सर."

"आता प्रयोग? लग्नाच्या मांडवात नवरी बदलतोस का? सकाळचंच ठेव. चालू गाडीची चाकं काढायची नाहीत."

"सर, एक विचारायचं होतं."

"विचार."

त्याने तोंड उघडलं. स्टॉपवॉच टंकायची थांबली होती. तोंडात आलेला शब्द ताई हा होता आणि तो या खोलीत, या अकरा माणसांसमोर, बाहेर पडेना. "काही नाही. सोमवारी निघायचं किती वाजता?"

"आठला," सर म्हणाले आणि गेले.

साडेचारला त्याने लॅपटॉप पिशवीत घातला. बसमध्ये जागा मिळाली, खिडकीची. मांडीवर लॅपटॉप उघडून तो वीसेक ओळींचा एक प्रोग्राम लिहायला लागला, म्हणजे हात लिहीत होते. डोकं दुसरीकडेच होतं. आरशाचा उपाय केला तर नकाशा सरळ होईल. त्या एकतीस फोटोंचे निकाल गुपचूप सुधारले तर टक्केवारीही वर येईल. कुणाला काही कळणार नाही. ताईला नंतर, सावकाश, एखाद्या रविवारी, डोळे तपासून घे म्हणून सांगता येईल. हे सगळं इतकं नीट जुळत होतं की त्याला जवळजवळ बरं वाटलं. आणि मग बस एका वळणावर जोरात थांबली, उभी असलेली माणसं एकमेकांवर आदळली, आणि त्या धक्क्याबरोबर दिवसभर बाजूला ठेवलेली गोष्ट पुढ्यात येऊन पडली. फोटो हे ताईचं दुपारनंतरचं काम होतं. सकाळी ती टेबलावर असायची. खऱ्या कुप्या हातात घेऊन. ती ज्यांना चांगलं म्हणायची त्या खोक्यात जायच्या, खोकी गाडीत, आणि गाडी कुठल्या गावच्या कुठल्या दवाखान्यात जायची कोण जाणे. तडा गेलेल्या कुपीतून औषध गळत नाही, तडा सहज दिसतसुद्धा नाही. फक्त आत हवा जाते, आणि हवेबरोबर जे जायचं ते जातं. तडा गेलेली कुपी कुणाच्या दंडापर्यंत पोचते हे तो लहानपणी ताईला विचारायचा, आणि ती म्हणायची, पोचत नाही, मी बसलेय ना.

ताई दोन खोल्यांच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहायची, एकटी. दार उघडल्यावर ती म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला? गुरुवारी कसा काय?" आणि त्याच्याकडे पाठ करून लगेच चहा ठेवायला गेली. तो उंबऱ्यात चपला काढत तिच्याकडे बघत राहिला. ती डबे न चाचपडता काढत होती, साखर सांडत नव्हती, कशालाही आपटत नव्हती. सगळं जागच्या जागी होतं. मी मूर्ख आहे, असं त्याला एक क्षण मनापासून वाटलं.

"सोमवारच्या आधी एक छोटी चाचणी हवी होती तुझी," तो म्हणाला. "पाच मिनिटांची."

"माझी? आता माझी परीक्षा घेतोस?" ती खूश झाल्यासारखी दिसली. "घे. गेल्याच महिन्यात कारखान्याच्या डॉक्टरने घेतली. भिंतीवरचा तक्ता, शेवटची ओळ, ती मुंगीएवढी अक्षरं, तीसुद्धा घडाघडा वाचली. अकरा नंबरवालीला चौथ्या ओळीच्या पुढे जाता येईना. तिने विचारलं, ताई, काय खाता?"

त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला. पडदा पूर्ण काळा, मधोमध एक पांढरी फुली. फुलीकडे बघायचं. आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की कळ दाबायची. तेच चौदा गुणिले चौदा चौकोन, एका वेळी एक ठिपका. तिने खुर्ची पुढे ओढली, पदर खोचला, टेबलावर कोपरं टेकली, तशीच, जशी बावीस वर्षं बसत आली होती. नजर फुलीवर ठेवली आणि ती नजर अशी थांबली की त्याला तिचा हेवा वाटला. टक. टक. टक. ठिपका यायच्या आत जणू बोट खाली जात होतं. खाली डावीकडे, टक. खाली उजवीकडे, टक. वर डावीकडे, टक. तो तिच्या मागे, जरा बाजूला उभा होता, त्याला पडदाही दिसत होता आणि तिचं बोटही. वर उजवीकडे ठिपका आला. अर्धा सेकंद राहिला. गेला. बोट हललं नाही. शेजारच्या चौकोनात आला. गेला. त्याच्या खालच्या. गेला. फ्रिजचा आवाज यायला लागला. त्याने कोपऱ्यातले ठिपके सलग लावले होते, कारण त्याला नक्की करायचं होतं, आणि आता ते एकामागून एक येत होते, जात होते, आणि ती निश्चल, शांत, आज्ञाधारक, फुलीकडे बघत बसली होती. सात. आठ. नऊ.

"थांबलं का रे?" ती म्हणाली.

पडद्यावर ठिपका चमकत होता.

"हं," तो म्हणाला. "अडकलंय जरा."

"तुझ्या मशीनचं हे असंच. सोमवारी अडकलं नाही म्हणजे झालं." दहावा. अकरावा. मग त्याच्या आवाजातलं काहीतरी तिला उशिरा पोचलं असावं. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याला चेहरा आवरता आला नाही. तिथून तिची नजर परत पडद्याकडे गेली, पण या वेळी फुलीकडे नाही. टेबलावर बसणारी जे कधी करत नाही ते तिने केलं. नजर उचलली आणि कोपऱ्यात नेली. तिथे ठिपका होता.

"हा कधीपासून येतोय?"

त्याने लॅपटॉपचा पडदा उगाच जरा सरळ केला.

"मी विचारतेय काहीतरी."

"बराच वेळ."

तिने पुन्हा नजर फुलीवर आणली. पुन्हा कोपऱ्यात नेली. फुली, कोपरा. फुली, कोपरा. आहे, नाही. आहे, नाही. असं तिने किती वेळा केलं ते त्याने मोजलं नाही. चहा उतू जाऊन शेगडीवर चरचरला. त्याने जाऊन गॅस बंद केला, आणि तिथेच, तिच्याकडे पाठ करून, ओट्याकडे बघत, तिला सगळं सांगितलं. नकाशा, एकतीस फोटो, तारखा. सांगताना तो तांत्रिक शब्द वापरत होता, कारण त्यांच्याआड उभं राहता येत होतं.

"म्हणजे तुझ्या मशीनने मला पकडलं," ती म्हणाली.

"मशीनने नाही ग. मशीन तर तू दाखवलंस तसंच बघायला लागलं. तुला दिसायचं तिथे त्याला दिसायचं."

"आणि मला नाही तिथे त्यालाही नाही."

"हो."

"पण मला काळं दिसत नाही तिथे. काहीतरी दिसतं. भिंत दिसते, कॅलेंडर दिसतं." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "रिकामं असतं तर मला कळलं नसतं का? मला?"

 मेंदू रिकामी जागा आजूबाजूचं बघून भरून काढतो, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं, पण ते या स्वयंपाकघरात बोलण्यासारखं नव्हतं. तिने टेबलावरचा हात उचलला आणि डोळ्यांसमोर धरला, बोटं फाकवून, बोटांच्या फटींत कुप्या असाव्यात तसा. टेबलावर एका वेळी चार कुप्या धरतात. नजर मधल्या दोघींच्या मधे. ती हाताकडे बघत राहिली आणि त्याला कळलं की ती हिशोब जुळवतेय, तो जिथे बसमध्ये पोचला होता त्याच्याही पुढचा.

"चौथी," ती म्हणाली. "दर वेळची चौथी कुपी. तिचा गळा तिकडे येतो." मग जरा वेळाने, "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"का?"

"तुला आधी सांगावं म्हटलं."

"आणि सोमवारी काय करणार होतास?"

खोटं बोलावं असं त्याला वाटलं, पण ती अशी बघत होती की काचसुद्धा खरं बोलली असती. त्याने आरशाचं सांगितलं. निकाल गुपचूप सुधारता आले असते हेही सांगितलं. तुझ्यावर काही येऊ नये म्हणून, असं शेवटी जोडलं.

 ती बोलली तेव्हा तिचा आवाज इतका साधा होता की तिने ओरडावं असं त्याला वाटलं. "बावीस वर्षं मी एकच काम केलं. संशय आला की बाजूला काढायची. खात्री नाही, वेळ नाही, वरून साहेब ओरडतोय, तरी बाजूला. एकदा अख्खी गाडी थांबवली होती मी, तुला आठवत नसेल, तू परीक्षेला बसला होतास. त्या कामावर तू मोठा झालास. आणि आज तुला संशय आला तर तू झाकायला निघालास. तेसुद्धा मला."

"ताई..."

"फोन दे माझा. तिकडे फ्रिजवर आहे."

त्याने दिला. तिने नंबर लावला आणि उभी राहिली. फोनवर साहेबांशी ती नेहमीच उभी राहून बोलायची. "मी बोलतेय, टेबल चार. हो, सात नंबर. साहेब, गेल्या पाच-सहा महिन्यांत माझ्या टेबलावरून जे पास झालं ते थांबवा. गोदामात असेल ते सगळं. नाही, उद्या नाही, आत्ता. बाहेर गेलेल्याचं तुम्ही बघा, ते माझ्या हातात नाही." पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता. ती ऐकत होती. डोळे समोरच्या भिंतीवर होते, तिथे एक कॅलेंडर होतं. "कारण? कारण माझे डोळे. नाही, मी बरी आहे. दमलेली नाही. लिहून घ्या: डोळे. उद्या सकाळी मी स्वतः येऊन सही करते." बोलून झाल्यावर तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. तो जवळ गेला. "लांब उभा राहा जरा," ती म्हणाली. तो लांब उभा राहिला. मग ती म्हणाली, "चहा आहे का उरलेला त्यात?"

पातेल्यात अर्धा कप उरला होता. त्याने तो दोन कपांत ओतला.

शुक्रवारी त्याने सरांना सांगितलं. खोलीचं दार लावून, नकाशा समोर ठेवून. सर नकाशाकडे बघत राहिले, मग खिडकीकडे. ओरडले नाहीत. "नंबर काय सुंदर होता रे," ते म्हणाले, एखाद्या गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं, आणि कारखान्याला फोन लावला. सोमवारची चाचणी पुढे ढकलली गेली. त्यानंतरचे तीन आठवडे दुसऱ्या दोघीजणींनी आणि बाहेरून बोलावलेल्या चौघांनी चाळीस हजार फोटो नव्याने पाहिले, प्रत्येक फोटो दोघांनी, एकमेकांना न विचारता. नवं मॉडेल दोन्ही खांद्यांकडे बघायला लागलं. त्यामुळे तुकडे जास्त उरायला लागले आणि वेळ त्रेसष्टवर गेला. स्टॉपवॉच चार दिवस कुणाशी बोलली नाही, पाचव्या दिवशी म्हणाली, "एकोणसाठ पूर्णांक सहा. आता मला कुणी हलवू नका." गोदामातल्या खोक्यांत नऊ कुप्या सापडल्या. ज्या गाड्या आधीच गेल्या होत्या त्यांच्यामागे पत्रं गेली. काही दवाखान्यांनी खोकी परत पाठवली, काहींनी कळवलं की वापरून झाली, कुणाची तक्रार नाही. काहींनी काहीच कळवलं नाही. त्याला दुपारच्या वेळी, काम नीट चालू असताना, मधेच हे आठवायचं आणि हात की-बोर्डवर तसेच राहायचे. तक्रार नाही म्हणजे काही झालं नाही, की झालेलं कुणाला कळलं नाही? हे विचारायला कुणी नव्हतं. ताईला तर तो विचारूच शकत नव्हता, आणि तीही तेच स्वतःला विचारत असणार हे त्याला पक्कं माहीत होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात तो तिच्याबरोबर गेला. यायची गरज नाही असं ती म्हणाली होती, पण खाली येऊन उभी राहिली होती दहा मिनिटं आधी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भरभर बोलणाऱ्या. तपासण्या झाल्या, डोळ्यातला दाब मोजला, कागद निघाले. "काचबिंदू," त्या म्हणाल्या. "यात अक्षरं शेवटपर्यंत नीट वाचता येतात, म्हणून कळत नाही. एवढ्या लवकर सहसा कुणी येत नाही. अर्धं गेल्यावर येतात. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भावाने," ताई म्हणाली.

"ते डॉक्टर आहेत?"

"नाही. त्याचं वेगळंच काहीतरी आहे."

गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं राखता येईल, रोज दोनदा थेंब, एकही दिवस न चुकता, जन्मभर, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. ताईने मान डोलावली. टेबलावरचं काम बंद हे तिला आधीच कळवलं होतं. नव्या मुलींना कसं बघायचं ते शिकवशील का, असं कारखान्याने विचारलं होतं, आणि तिने अजून हो म्हटलं नव्हतं. बाहेर येताना ती चिठ्ठी घडी करत पुटपुटली, "बावीस वर्षं काच बघितली, आणि शेवटी डोळ्याला काच लागली ती दिसली नाही." तो हसला नाही, तेव्हा तिनेच जरा हसून दाखवलं.

पायऱ्या उतरून ते रस्त्यावर आले. दुपारची गर्दी होती, दुकानांसमोर गाड्या उभ्या होत्या. त्याला बोलायचं होतं. त्या संध्याकाळपासून त्याला बोलायचं होतं, आरशाबद्दल, झाकण्याबद्दल, आणि ती दहा वर्षांची असल्यासारखा आपण तिच्याशी का वागलो त्याबद्दल. तो तिच्या शेजारून चालत होता, गर्दीत तिला धक्का लागू नये म्हणून उजवीकडे, रस्त्याच्या बाजूला, आणि वाक्य जुळवत होता. "ताई, त्या दिवशी मी..." असं त्याने सुरू केलं, तेव्हा ती चालता चालता थांबली. तिने मान त्याच्याकडे बरीच वळवली, डोळे वर केले, आणि मग तो तिला सापडला.

"या बाजूने नको," ती म्हणाली. "इथे तू नसतोस."

तो तिच्या मागून वळून डावीकडे आला.

"हं," ती म्हणाली. "आता बोल."